वाळवंटातल्या भाड्याच्या सायकलीबद्दल, विमलताईंना

विमलताई,

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. समाजभवनात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. तुमची नर्सची नोकरी, तुमची शिस्त, तुमचा आवाज. शेवटी तुमच्या भाचीनं, शीतलनं, माईक माझ्यापुढं धरला. "काकू, दोन शब्द." मी म्हटलं, "मले नाही जमणार वं." सगळ्यांना वाटलं, हिला रडू येतंय. खरं सांगू? मी रागात होते. अजून आहे. हार घातलेल्या फोटोशी चारचौघांत भांडता येत नाही, म्हणून गप्प बसले. ते भांडण आता इथं करते.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या दारात आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते. हे गेल्यावर मोठं घर सोडून मी आपल्या लेआउटमध्ये दोन खोल्यांत राहायला आले होते. कोणाकडं जाणं नाही, येणं नाही. भाजीवाल्याच्या ठेल्यावर तुम्ही दोन-तीनदा माझ्याकडं टक लावून पाहिलंत एवढंच आठवतं. आणि एका संध्याकाळी तुम्ही सरळ फाटक उघडून आत आलात.

"सायकल येते?"

"कोणाले? मले?"

"नाही त काय तुह्या कुलरले विचारून राहिली?"

"लहानपणी येत होती."

"येत होती म्हणजे येते. उद्या सकाळी साडेपाचले ग्राउंडवर ये."

एकोणपन्नास वर्षांची बाई मी. मला वाटलं, ही म्हातारी जरा सटकलेली दिसते. पण सकाळी गेले. का गेले ते माहीत नाही. कदाचित वर्षभरात मला कोणी 'ये' असं म्हटलं नव्हतं म्हणून. तिसऱ्या दिवशी मी त्या ग्राउंडवर सपशेल पडले, गुडघा सोलून निघाला. तुम्ही माझ्या शेजारी मातीत बसलात, पिशवीतून कापूस काढलात आणि जखम पुसता पुसता म्हणालात, "रडून घे. गुडघा दुखते असं सांगू आपण लोकांले." तेव्हा मी ह्यांच्यासाठी रडले. गुडघ्याचं निमित्त तुम्ही दिलंत.

मग तीन वर्षं दर रविवारी नागपूरहून सावनेरचा रस्ता. पहाटे निघायचं, पाटणसावंगीला चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. तुम्ही पुढं, मी मागं. मी कधी शेजारी आले की तुम्ही ओरडायच्या, "माह्या मागं राय! बाजूले नको येऊ!" मी मनात म्हणायची, झाली सुरू हेड सिस्टर. वॉर्ड सुटला पण हुकूम सुटला नाही. एकदा तोंडावर म्हटलंही. तुम्ही नुसत्या हसलात.

कॉलेजातली पोरं कधी कधी आपल्याला ओलांडून सुसाट जायची. त्या वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या सायकली. तुम्ही पायडल मारायचं थांबवून त्यांच्याकडं पाहत राहायच्या. "नर्सिंगला होती तेव्हापासून मनात हाय, रेखा. निस्ती एकदा चालवायची." मी म्हणायची, घेऊन टाका ना मग. तुम्ही म्हणायच्या, "आता कंबर नाही म्हणते."

दिवाळीनंतर तुम्ही यायचं थांबवलंत. एका रविवारी पाहुणे होते, दुसऱ्या रविवारी शीतलचं काही काम, तिसऱ्या रविवारी कंबर. चौथ्या रविवारी मी एकटी निघाले, कोराडीच्या पुढं गेलेच नाही, परत फिरले आणि सायकल घेऊन सरळ तुमच्या दारात आले. तुम्ही दार अर्धंच उघडलंत. आत ये म्हणाला नाहीत. शाल पांघरली होती तुम्ही, इतकीही थंडी नव्हती. हे सगळं मी पाहिलं आणि यातलं काहीही मला दिसलं नाही.

"ताई, माझा कंटाळा आला असेल तर तसं सांगा."

तुम्ही जरा वेळ माझ्याकडं पाहिलंत. मग अगदी शांतपणे म्हणालात, "हो वं. आला. किती दिवस बोट धरून चालवायचं तुले?"

सायकल वळवली आणि घरी आले. त्याच दुपारी निखिलला फोन करून सांगितलं, काढ माझं तिकीट. तो वर्षभर दुबईला बोलावत होता आणि मी रविवारच्या नादात टाळत होते. आता कशाला टाळायचं? निघाले त्या दिवशी ऑटो तुमच्या गल्लीवरून गेला. खिडकीचा पडदा ओढलेला होता. मी मुद्दाम मान वळवून दुसरीकडं पाहिलं.

निखिलचं घर तेविसाव्या मजल्यावर. खिडक्या उघडत नाहीत. तो आणि सूनबाई सकाळी सातला निघतात, संध्याकाळी सातला येतात. सून चांगली आहे, फ्रिजवर चिठ्ठ्या लावून जाते, कोणत्या डब्यात काय आहे ते. मी कपड्यांच्या घड्या घालायची, मग त्या मोडून पुन्हा घालायची. खाली रस्त्यावर गाड्या दिसायच्या पण आवाज यायचा नाही. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की दुपारभर माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही.

आठव्या दिवशी तुमचा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं.

"काय करून राहिली?"

"काही नाही."

"घरातच हायस? अवं, तिथं वाळवंटात सायकलींचा रस्ता हाय. मोबाईलवर पाहिला मी. ट्रक नाही, कार नाही, कुत्रं नाही. वाकड्या हँडलची सायकल भाड्यानं भेटते तिथं. घे."

"तुम्हीच या अन् घ्या."

"मी नाही येत. तू घे."

"तुम्हाला दम काहून लागून राहिला?"

"जिना चढली आत्ताच."

तुमच्या घराला जिनाच नाही, ताई. फोन ठेवल्यावरसुद्धा मला हे सुचलं नाही. मी रागावण्यात गुंतलेली होते.

मग रोज एक व्हिडिओ यायला लागला. सीटवर कसं वाकून बसायचं, गिअर कसा टाकायचा. मी एकालाही उत्तर दिलं नाही, पण पाहिले सगळे. शेवटी एका शुक्रवारी रात्री जेवताना निखिलला म्हटलं, मला सायकल चालवायची आहे. तो हसला. मग मी हसत नाहीये हे पाहून म्हणाला, "आई, तिथं लोक रेसवाल्या सायकली चालवतात. तू पडशील." मी म्हटलं, "पडले तर पडले. गुडघा दुखते असं सांगू लोकांना." त्याला ते काही कळलं नाही.

आता जे सांगते ते तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं.

शनिवारी सकाळी उजाडताना आम्ही तिथं पोहोचलो. शहर संपतं आणि एकदम काहीच उरत नाही, फक्त पिवळट वाळू आणि तिच्यातून गेलेली काळी पट्टी. रस्त्याच्या तोंडाशीच सायकलींचं दुकान. आत एक पांढऱ्या दाढीचा मेकॅनिक होता, पेशावरकडचा, आपल्यासारखं हिंदी बोलणारा. त्यानं माझा पासपोर्ट पाहून नाव लिहून घेतलं, मला भिंतीला उभं करून उंची मोजली आणि आतून एक निळी सायकल आणली. एका बोटावर उचलून आणली, ताई! आपली सायकल पायरीवरून उतरवायला दोघी लागायचो.

"पहले चलाई है ऐसी?"

"नहीं."

"किसके साथ आई हैं?"

निखिल कॉफीच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसला होता. मी म्हटलं, "अकेली."

त्यानं मला सीटवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावून सीटची उंची ठरवली. बूट अडकवायचे पायडल काढून साधे लावून दिले. ब्रेकचीच दांडी आत ढकलली की गिअर बदलतो, हे दहा वेळा करून घेतलं. माझी बोटं आखूड, दांडीपर्यंत पुरेनात, तर पाना घेऊन त्यानं ती जवळ आणून दिली. मी निघताना तो मोठ्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "बाजी, जाते वक़्त हवा पीछे से रहेगी, पता नहीं चलेगा. वापसी में सामने से आएगी. आधी ताक़त बचाकर रखना."

मी हो म्हटलं आणि विसरले.

पहिली दहा मिनिटं मी नुसती घाबरलेली होते. खाली वाकलं की तोंड थेट पुढच्या चाकावर येतं, रस्ता नाकाखालून पळतो. मग केव्हातरी हात सैल पडले. आणि ती सायकल, ताई, तिला मारावं लागत नाही, तिला नुसतं सांगावं लागतं. एक पायडल मारलं की ती किती वेळ जात राहते! चेन वाजत नाही, मडगार्ड खडखडत नाही. टायरखाली वाळूचे दोन-चार कण चिरडले तर तेवढाच आवाज. डावीकडं दोन पांढरी जनावरं उभी होती, हरणापेक्षा मोठी, लांब सरळ शिंगांची. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. त्या वाळूत काय चरत होती कोण जाणे. मी हसले, एकटीच, मोठ्यानं. तुम्हाला म्हटलं, "पाहा ना." म्हणजे तोंडानं म्हटलं, आवाज काढून. मग लक्षात आलं की पुढं कोणी नाही.

दहा किलोमीटरवर वळायचं ठरवलं होतं, पंधरा झाले तरी थकवा नव्हता. मला वाटलं, मी किती छान चालवते! वळले आणि हवेनं तोंडावर थप्पड मारली. वाळू उडत होती, दातांत येत होती. सगळे गिअर हलके करून टाकले तरी सायकल रांगायला लागली. मी वाकले, अजून वाकले. छाती दुखायला लागली. एका जागी रस्त्यावर वाळूची पातळ चादर आली होती, चाक घसरलं, मी पाय टेकून कशीबशी वाचले, उतरले आणि तिथंच कडेला बसले.

आणि तिथं मला कळलं, विमलताई. इतकी वर्षं आपण गेलो त्या रस्त्यावर उन्हाळ्यात काय वारा असायचा! मोकळ्या शेतांतून येणारा, गरम. तो मला कधी लागलाच नाही. मला वाटायचं, चांगली सवय झाली आहे आपल्याला. तुम्ही पुढं होतात. तुम्ही छातीनं वारा फोडत चालल्या होतात आणि मी तुमच्या पाठीच्या आडोशानं आरामात येत होते, वर तुम्हाला हेड सिस्टर म्हणून चिडवत होते. बासष्ट वर्षांची बाई पुढं आणि मी मागं. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत की आता तू ये पुढं.

मी किती वेळ बसले होते माहीत नाही. चार-पाच सायकलवाले गेले, एकानं हात करून विचारलं, सगळं ठीक? मी अंगठा दाखवला. मग उठले. पंधरा किलोमीटर यायला मला पावणेदोन तास लागले. काही ठिकाणी चालले. मेकॅनिक दुकानाबाहेर येऊन उभा होता. त्यानं सायकल माझ्या हातातून घेतली, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "मैंने कहा था." मी म्हटलं, "हां. किसी और ने भी कहा था."

तुमचा फोन मी गाडीत बसल्यावर आला. निखिलनं माझा सायकलीवरचा फोटो तुम्हाला पाठवला होता. मागं कसलासा टुक टुक आवाज येत होता.

"कुठं आहात?"

"दवाखान्यात आली. जुन्या पोरींले भेटाले. तू सांग ना, कसं वाटलं?"

सगळं ओठांवर आलं होतं. वाऱ्याचं, पाठीचं, सगळं. पण तुमचं ते 'हो वं, आला' अजून कानात होतं. मला वाटलं, इतक्या सहज कशाला द्यायचं? जरा तरसू देत.

"बरं होतं."

"बस? निस्तं बरं?"

"हो."

"हवा होती?"

"होती."

"बरं," म्हणालात तुम्ही. "पाणी पी भरपूर." आणि फोन ठेवलात.

नऊ दिवसांनी सकाळी शीतलचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते. तिनं 'आत्या गेली' एवढंच सांगितलं आणि तिला रडू आवरेना, तिनं फोन ठेवला. मी उरलेल्या तीन पोळ्या लाटल्या, भाजल्या, डब्यात ठेवल्या. तेविसाव्या मजल्यावर कोणाला सांगायचं? संध्याकाळी सातपर्यंत मी तशीच होते. तिकीट मिळून नागपूरला यायला चार दिवस लागले. तोवर तुमच्या घरी सतरंज्यासुद्धा उचलल्या होत्या.

मग शीतलनं एकेक सांगितलं. दिवाळीच्या आधीच पोटातली गाठ निघाली होती. रिपोर्ट तुम्ही स्वतःच वाचलात, डॉक्टरांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. चौथा रविवार, ती शाल, तो दम. आणि धंतोलीतल्या त्याच दवाखान्यात, जिथं तुम्ही आयुष्यभर ड्युटी केलीत, तिथं तुम्ही जुन्या पोरींना भेटायला गेला होतात हे खोटं नव्हतं. फक्त कॉटवर होतात.

मी शीतलवर ओरडले. म्हटलं, मला एक फोन करता येत नव्हता? माझा काय एवढा कंटाळा आला होता त्यांना?

ती म्हणाली, "काकू, आत्या तुमाले आधीपासून ओळखत होती. काका ॲडमिट होते ना, तेव्हा आयसीयूत ड्युटी होती तिची. तुमी तिच्याकडं कधी पाहिलंच नाही. एकेचाळीस दिवस तुमी बाहेरच्या बाकड्यावर बसून होत्या म्हणे. ती घरी येऊन सांगत जाय, ती बाई आजही जेवली नाही. मग भाजीच्या ठेल्यावर तुमी दिसल्या तिले." ती पुढं म्हणाली, "म्हणे, रेखाले मी एकदा बसलेली पाहिली. आता माह्यासाठी नाही बसू देत तिले. सायकलवर बसू दे."

ताई, एवढं तुम्ही एकटीनं ठरवलंत. मला विचारलं नाहीत. तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल, आणि कदाचित वाचवलंतही. तो वाळवंटातला रस्ता, ती निळी सायकल, ते हसू, हे मला तुमच्यामुळं मिळालं, ते मी नाकारत नाही. पण मी बसले असते. मला बसायचं होतं. ह्यांच्या वेळी मी बसले ती काही शिक्षा नव्हती. माझ्या माणसाजवळ मी होते. तुम्ही तीस-पस्तीस वर्षं पेशंटच्या बाजूनं सगळं पाहिलंत, पण बाकड्यावरच्या माणसाला काय हवं असतं ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. तुम्ही म्हणाला असतात, "चूप बस वं." मी चूप बसले नसते.

काल दुपारी मी धंतोलीत गेले. ह्यांच्यानंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. रिपोर्टच्या पिशव्या घेतलेली माणसं, यवतमाळहून, गडचिरोलीहून आलेली, जिन्यावर डबे उघडून जेवत होती. तुम्ही शेवटी ज्या वॉर्डात होतात तो शीतलला विचारून ठेवला होता. बाहेर बाकडं होतं. मी बसले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. फक्त बसले.

अर्ध्या-पाऊण तासानं एक सिस्टर आली, तरणी, पंचविशीची. "काकू, कोणासोबत आहात जी तुमी? पेशंट कोण तुमचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "विमल सिस्टर."

तिचा चेहरा बदलला. हातातला ट्रे तिनं खिडकीत ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेतला. ही पद्धत कोणी शिकवली असेल ते मला लगेच कळलं.

"तुमी बाहेरगावाहून आल्या का, काकू?"

मी मान हलवली.

"कोणी सांगितलं नाही वाटते तुमाले," ती म्हणाली आणि माझा हात तिनं जरा घट्ट धरला. "पाणी आणू का आधी?"

मी नको म्हटलं. मला माहीत आहे, असं मी म्हणाले नाही. तिनं हळूहळू, पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुम्हाला केव्हा आणलं, किती त्रास झाला, शेवटच्या दिवशी सकाळी तुम्ही काय बोललात, खिडकीचा पडदा कसा सरकवायला लावलात. आणि ती सांगत असताना, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा, मी रडले.